कुसळमाळचा निळा ठिपका

ज्ञानदाला भुताखेतांची भीती कधी वाटली नव्हती. सांगलीच्या विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर तिचं कार्यालय होतं. तीन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि खिडकीत सुकलेली तुळस, एवढ्या संसारात भूत आलंच तर बसणार कुठे, हा प्रश्नच होता. पण यंदाच्या मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता, संगणकासमोर बसल्या बसल्या तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तो आला एका विहिरीच्या आकड्यांमुळे.

तिचं काम थोडक्यात सांगायला हवं. सरकार आपली बरीच माहिती हल्ली खुली करून ठेवतं. पाऊस किती पडला, विहिरींचं पाणी किती खोल गेलं, कुठल्या गावात माणसं किती आणि जनावरं किती, सगळं संकेतस्थळांवर पडलेलं असतं. ज्याला हवं त्यानं उचलावं. पण उचलून करायचं काय, ही पंचाईत. पावसाच्या खात्यानं गावाला दिलेला क्रमांक वेगळा, विहिरीवाल्यांचा वेगळा, जनगणनेचा तिसराच. गाव एकच, पण तीन दप्तरांत तीन परकी माणसं असावीत तसं. ज्ञानदानं दोन वर्षं खपून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांच्या या सोयरिकी जुळवल्या आणि सगळं एका नकाशावर आणलं. गावावर बोट ठेवलं की त्याची कुंडली समोर. लाल ठिपका म्हणजे पाणी तळाला गेलं, पिवळा म्हणजे सावध राहा, निळा म्हणजे काळजी नको.

गेल्या उन्हाळ्यापासून या नकाशातून एक यादी निघू लागली होती, टँकर कुठल्या गावाला आधी द्यायचा याची. पूर्वी कुणीतरी जीपमधून गावात जायचं, विहिरीत डोकावायचं, चहा प्यायचं आणि कागद करायचं. आता यादी बघून ठरायचं. यादीपुढे कुणाचा वशिला चालत नाही, कुणाचा मेहुणा मध्ये येत नाही, म्हणून ज्ञानदाला तिचा अभिमान होता. अभिमान कसला, चांगला तोराच होता.

कोरेगाव तालुक्याच्या कोरड्या अंगाला, लाल ठिपक्यांच्या गर्दीत, एकच निळा ठिपका होता. कुसळमाळ नावाची वाडी. गेल्या वर्षी धवलनं, म्हणजे तिच्या भागीदारानं, मोठ्या बैठकीत दाखवायच्या पहिल्या पानावर त्याच ठिपक्याचं चित्र टाकलं होतं. दुष्काळातही एक वाडी कशी तगली आहे बघा, असं तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्ञानदानंही वाजवल्या. यादीत कुसळमाळ अर्थातच शेवटून पहिलं आलं होतं.

यंदा तिनं नकाशाला आणखी एक थर जोडला, आकाशातून काढलेल्या छायाचित्रांचा. नोंदीतली प्रत्येक विहीर खरोखर जागेवर आहे का, ते त्यात दिसायचं. दोनशे अकरा विहिरी जागेवर निघाल्या. कुसळमाळच्या जागी मात्र सपाट माती होती. मातीत दगडांचं एक गोल कडं तेवढं दिसत होतं.

जागा चुकली असेल म्हणून तिनं आजूबाजूला शोधलं, मग विहिरीच्या जुन्या नोंदी उघडल्या. विहीर बारा मीटर वीस सेंटिमीटर खोल. दर महिन्याच्या एक तारखेला जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते मोजून कळवायचं, असा नेम. नोंद करणारे, जोतीराम, माजी सैनिक. सात वर्षांपूर्वीपर्यंतचे आकडे खऱ्या विहिरीसारखे होते. पावसाळ्यात पाणी वर, मे महिन्यात तळाला. सात वर्षांपूर्वीच्या एक मेची नोंद होती अकरा मीटर नव्वद सेंटिमीटर, म्हणजे विहिरीत जेमतेम फूटभर पाणी. त्यानंतरच्या जूनचा रकाना कोरा. आणि जुलैपासून दोन मीटर दहा.

तिथून पुढे सात वर्षं त्या विहिरीचं पाणी खाली गेलंच नव्हतं. दोन दहा, दोन पाच, एक ऐंशी, पुन्हा दोन दहा. पावसाळ्यात जरासं वर, उन्हाळ्यात जरासं खाली, झोपलेल्या माणसाची छाती हलते तेवढंच. नसलेली विहीर सात वर्षं संथपणे श्वास घेत होती. ज्ञानदा त्या जूनच्या कोऱ्या रकान्याकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, आपण आत बघतोय तसं आतूनही कुणीतरी बघतंय. तिनं उठून खिडकी उघडली. बाहेर रिक्षावाले गप्पा मारत होते, ऊन होतं, सगळं जागच्या जागी होतं.

"एक ठिपका आहे गं," धवल म्हणाला. "सोमवारी यादी द्यायची आहे. असू दे तसाच."

"विहीरच नाहीये तिथे. मग त्या वाडीला पाणी कुठलं?"

"मग बदल आकडा."

"कसा बदलू? नियम आपणच केलाय. ज्यानं नोंद केली त्यानं लेखी दिल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही."

"मग जा आणि लेखी आण," धवल हसून म्हणाला. शनिवारी सकाळी ती खरंच गाडीत बसली तेव्हा त्याला ते चेष्टेतलं बोलणं आठवून ओशाळल्यासारखं झालं असेल.

पलूसच्या बाजूचा ऊस खिडकीबाहेर हिरवागार डोलत होता. रहिमतपूर मागे पडलं तसा रंग उडत गेला. कोरेगावात उतरून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये तिला कोपऱ्यातली अर्धी जागा मिळाली आणि तासाभरानं जीपनं तिला माळाच्या तोंडाशी सोडलं. पुढचं चालत. वारा होता, पण त्यात ओलावा नावाला नव्हता. वाडीच्या अलीकडेच एका विहिरीच्या काठावर चार-पाच बायका वाकून उभ्या होत्या. काठाच्या लिंबाला बांधलेला दोर आत गेला होता आणि ताठ झाला होता. खालून वाटीनं पाणी खरवडल्याचा आवाज घुमून वर येत होता. ज्ञानदाचे पाय तिथेच थबकले.

"खाली कोण आहे?" तिनं विचारलं.

"काकी हाय," काठावरची बारा-तेरा वर्षांची मुलगी म्हणाली. तिचं नाव शिवांजली. शाळेचा निळा फ्रॉक आणि डोक्यावर चुंबळ. "तुमी कुनाकडं आलाय?"

जोतीरामचं नाव घेताच मुलीनं बोटानं शेवटचं घर दाखवलं. ज्ञानदानं विहिरीत डोकावून पाहिलं नाही. का पाहिलं नाही, हे तिला पुढे कितीतरी दिवस स्वतःलाच विचारावं लागलं.

जोतीराम ओसरीवर बसला होता. साठीचा, पाठ अजून ताठ, मिशा कातरलेल्या. फौजेत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलेला माणूस. आपण सांगलीहून आलो, विहिरीच्या नोंदीचं काम आहे, असं ज्ञानदानं सांगितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती की राग नव्हता. फार उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"मंडळी पाण्याला गेल्यात," तो म्हणाला. "आल्या की च्या करत्याल. चला, हीर दावतो."

त्यानं खुंटीवरची मोजपट्टी घेतली, टोकाला शिशाचं वजन असलेली. नोंदवही काखेत मारली. घरामागून शंभर पावलांवर ते दगडांचं कडं होतं, छायाचित्रात दिसलं होतं तसंच. आत माती आणि माती, त्यावर वाळलेलं कुसळ. जोतीराम कड्यावर बसला आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.

"ही बुजवलीये, काका," ज्ञानदा म्हणाली.

"व्हय. सात वरसं झाली. मीच पयला दगूड टाकला."

"मग दर महिन्याची नोंद?"

जोतीरामनं मोजपट्टी मांडीवर घेतली. माळावर कुठे पाखरू नव्हतं. दुपारच्या त्या उजेडात ज्ञानदाला सांगलीत वाटलं होतं तसंच पुन्हा वाटलं, आपल्याला कुणीतरी खालून बघतंय. तिनं नकळत पाय कड्यापासून मागे घेतले.

"माझी राजनंदिनी चौदा वर्साची हुती," जोतीराम म्हणाला. "त्या दिशी पैली तारीख. सकाळी मी दोर सोडला, मोजलं, वहीत लिवलं. अकरा नव्वद. फौजेची सवय, मोजल्यालं मोठ्यानं बोलायची. घरी यून बोललो, तळाला अजून फूटभर पानी हाय. बास, येवढंच. मी गेलो कोरेगावला रपोट द्यायला. पोरीनं वाटी घेतली, कळशी घेतली आन उतरली. कडा वरनं सुटला." त्यानं मोजपट्टीचं वजन मुठीत धरलं. "माझ्या तोंडातनं आकडा गेला आन पोरगी त्याच्या मागनं गेली."

ज्ञानदाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"म्हैनाभर काय लिवलं न्हाई. मग पावसाळ्यात हितं यून बसलो. वही उघडली. म्हणलं, आता ह्या हिरीचं पानी खाली जाऊ द्यायचं न्हाई. कवाच न्हाई. दोन मीटर म्हंजी वरनं कळशी बुडवावी आन घ्यावी, उतरायचं कामच न्हाई. पयल्या साली खोटं लिवतोय ह्याची लाज वाटली. मग ती बी वाटंना. पैल्या तारखेला हितं बसलो की मला दिसतंय पानी, वर आल्यालं. पानी वर असलं की ती बी वर असती."

हे त्यानं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की ज्ञानदानं मातीकडे पाहिलं. क्षणभर, फक्त क्षणभर, वाळलेल्या कुसळाखाली काहीतरी हललं असं तिला खरोखर वाटलं. वारा होता तो.

"सात वरसं आकडा धाडतोय," तो पुढे म्हणाला. "कुनी इचारलं न्हाई. कुनी वाचतच न्हाई म्हणलं. कुनाचं काय बिघडत नव्हतं."

खरंच बिघडत नव्हतं. पाच-सहा वर्षं तो आकडा कुठल्याशा तक्त्यात निपचित पडून होता. एका बापाचं दुःख सरकारी रकान्यात निवांत झोपलं होतं. त्याला उठवलं ज्ञानदानं. तिनं त्याला पावसाशी जोडलं, माणसांशी जोडलं, टँकरशी जोडलं, आणि ते चालू लागलं. आता सांगणं भाग होतं. ती इतकी घाबरली होती की तिला आपला आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला.

"मी वाचते, काका. गेल्या वर्षापासून. मी एक नकाशा केलाय. तुमचा आकडा त्यात जातो. या वाडीत पाणी भरपूर आहे असं दिसतं त्यात. टँकरची यादी त्यावरून निघते." ती थांबली. "म्हणून गेल्या उन्हाळ्यात इथे टँकर आला नाही. मी येऊन बघायला हवं होतं. मी नुसता निळा ठिपका बघितला आणि मला आनंद झाला."

जोतीराम तिच्याकडे बघतच राहिला. "टँकर भरायचा पंप बिघडला म्हून तो आला न्हाई म्हनं," तो हळू म्हणाला. "मनुबाईनं सांगितलं. पानी ती लांबनं आनती, पल्याडच्या वस्तीवरनं."

"म्या खोटं सांगितलं," मागून आवाज आला.

मनुबाई कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं. घरी कुणी नाही म्हणून ती डोक्यावरची घागर ओसरीत टेकवून इकडे आली असावी. कोपरांपर्यंत चिखल वाळला होता, गुडघ्यावर लुगडं ओलं होतं, आणि कमरेवर दोर काचल्याचा वळ दिसत होता.

"आवं, दोन उन्हाळं झालं. लिंबाच्या हिरीत उतरून पानी काढत्यात सगळी. बायांच्या आंगानं कडा ढासळतो म्हून पोरी उतराय लागल्या. हलक्या असत्यात. शिवांजली उतरली पयल्यांदा, आन मला बघवलं न्हाई." ती नवऱ्याच्या नजरेला नजर न देता बोलत होती. "मग म्याच उतरते. रोज. पोरींना म्हणलं, मी हाय तवर कुनी खाली पाय घालायचा न्हाई. तुमी कुठल्या हिरीकडं फिरकत न्हाई, तुमास्नी काय कळनार हुतं? आन कळून झोप लागली असती व्हय?"

माणूस रडला असता तर बरं झालं असतं, असं ज्ञानदाला वाटलं. जोतीराम रडला नाही. त्यानं बायकोच्या कमरेवरच्या त्या वळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या वहीकडे. सात वर्षांची पानं त्यानं अंगठ्यानं एकदा सरकन उलटली. सगळीकडे तेच टापटीप अक्षर, तेच दोन मीटर दहा.

"काय लिवून देऊ?" त्यानं विचारलं.

"विहीर बुजवलेली आहे, एवढंच. आणि सही."

त्यानं पेन उघडलं आणि पेन कागदावर टेकलं, पण चालेना. मनुबाई खाली बसली आणि तिनं आपला चिखलाचा हात त्याच्या पाठीवर ठेवला. "लिवा," ती म्हणाली. "ती गेली, आवं. पानी वर ठिवून काय हुनार हाय? तिला बी गार लागत आसंल." तेव्हा कुठे त्याचा हात हलला. विहीर बुजवलेली आहे. पाणी नाही. सही, तारीख.

ज्ञानदानं कागदाचा फोटो काढला. नेटवर्क एक रेघ होतं, पुरलं. तिनं नियमाप्रमाणे लेखी जोडलं, नोंद रद्द केली, वाडीची दुसरी विहीर जोडण्यासाठी रकाना मोकळा ठेवला. पडद्यावरचा निळा ठिपका दोनदा लुकलुकला आणि नाहीसा झाला. तिनं फोन पुढे केला नव्हता, तरी जोतीरामनं वाकून पाहिलं आणि ठिपका गेल्याच्या जागेवरून नजर काढायला त्याला वेळ लागला.

"दुसऱ्या विहिरीचा खरा आकडा लागेल, काका," ती म्हणाली. "तो आज मिळाला तर सोमवारी यादीत वाडी पहिल्या पाचात येते. मंगळवारी टँकर येईल. आला नाही तर मी स्वतः येऊन बसेन इथे."

जोतीराम उठला. चपला घालायचं विसरला. मोजपट्टी घेऊन तो सरळ लिंबाच्या विहिरीकडे चालू लागला, सात वर्षांत ज्या वाटेला गेला नव्हता त्या वाटेनं, आणि त्या दोघी त्याच्या मागून जवळजवळ धावत गेल्या.

काठावर अजून घागरी रिकाम्या होत्या. मनुकाकी परत यायला उशीर झाला होता, ऊन वाढत होतं, आणि शिवांजलीच्या कमरेला दोर बांधून झाला होता. निळा फ्रॉक तिनं गुडघ्यावर खोचला होता. हातात वाटी होती. एक पाय तिनं कड्यावरून आत टाकलाही होता.

जोतीरामनं आरडाओरडा केला नाही. "थांब जरा, पोरी," एवढंच म्हणाला, आणि तिच्या शेजारी गुडघे टेकून मोजपट्टी आत सोडली. पट्टी सुळसुळत खाली गेली. खूप खाली. मग वजन पाण्याला लागल्याचा बारीक आवाज आला. त्यानं पट्टी हळूहळू वर ओढली. टोकाला वीतभर ओल होती. वही उघडून त्यानं आकडा लिहिला. ज्ञानदानं खांद्यावरून वाचला. खोली बरोबर, पाणी एक वीत, सगळं खरं.

"किती हाय, काका?" शिवांजलीनं विचारलं. बायकाही वाट बघत होत्या. कुणाच्या घरी तान्हं होतं, कुणाच्या घरी म्हैस व्यायला झाली होती, वीतभर पाणी म्हणजे चार घागरी तरी झाल्या असत्या.

जोतीरामनं वही मिटली. त्यानं मुलीच्या कमरेवरची गाठ पाहिली, वाटी पाहिली.

"काय न्हाई," तो म्हणाला. "कोरडी ठाक हाय."

बायका चुळबुळल्या. आत्ता तर खालून पाणी निघालं होतं, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांच्या नजरा मनुबाईकडे वळल्या, कारण तळ काय आहे ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मनुबाई पुढे झाली. तिनं शिवांजलीला हाताला धरून कड्यावरून बाहेर घेतलं आणि तिच्या कमरेवरची गाठ सोडू लागली.

"व्हय," ती म्हणाली. "म्या आत्ताच बघून आले. खाली काय बी न्हाई."